एकशे अठ्ठेचाळीस आमेन

पाळकसाहेबांचं आमेन त्या भागात घड्याळाइतकंच प्रसिद्ध होतं. बुधवारच्या प्रार्थनासभेत ते घुमलं की सभागृहाच्या वरच्या खिडक्यांच्या काचा थरथरत, छपरावरची कबुतरं एकदम उठून समोरच्या बँकेवर जाऊन बसत, आणि पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात ज्याची दाढी अर्ध्यावर आलेली असे तो हात वर करून 'थांब जरा, होऊन जाऊ दे' म्हणे. ह्यातलं निम्मं खरं धरलं तरी आवाज मोठा होता ह्यात शंका नाही. त्यामुळे त्या बुधवारी, सभा संपल्यावर, दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन भिंतीकडे निघालेल्या पाळकसाहेबांना बसवाल्या बाईंनी थांबवलं, तेव्हा त्या आवाजाविषयीच काहीतरी कौतुकाचं ऐकायला मिळणार असं त्यांना वाटलं. बसवाल्या बाई म्हणजे शहराच्या बससेवेत गाडी चालवणाऱ्या, डोंगरातून इथे आलेल्या 'डोंगरवाल्यां'पैकी. रविवारी उपासनेला नेमाने यायच्या, पण बुधवारी त्यांची पाळी संध्याकाळची असे. पाळी बदलली म्हणून आज पहिल्यांदाच ह्या सभेला बसल्या होत्या.

"पाळकसाहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"आमच्या लोकरआजी दर बुधवारी हेच मागतात?"

"काय मागतात?"

बाईंना वाटलं, साहेब थट्टा करताहेत. त्या हसल्या. "हेच, की प्रभू, ह्या पाळकाला आता इथून हलव. वर नव्हे हो, दुसरीकडे कुठेतरी. आणि त्यावर तुमचं एवढं दणदणीत आमेन. गेली तीन वर्षं माझा भाऊ सांगतोय, मला खोटं वाटायचं. आमच्या लोकांत तुमचं केवढं नाव आहे ठाऊक आहे का? म्हणतात, पाळक असावा तर असा. स्वतःच्या जाण्यालाही आमेन म्हणतो."

एका खुर्चीचा पाय पाळकसाहेबांच्या बुटावर टेकला होता, आणि त्यांनी तो तसाच टेकू दिला. मग आयुष्यभर काही कळलं नाही की जे म्हणत आले ते म्हणाले. "देवाची कृपा आहे," म्हणाले, आणि खुर्च्या भिंतीला नेऊन लावल्या.

घरी चालत जाताना त्यांचं लक्ष पायांकडे होतं. रस्ता रोजचाच होता. किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, बंद पडलेलं टपाल कार्यालय, कपडे धुण्याच्या दुकानाच्या दारातून येणारी गरम, साबणी वाफ. कोटाच्या आतल्या खिशात चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळाचं पत्र होतं, चार दिवसांपासून घडी घातलेलं, आणि आज ते चालताना छातीवर वाजत होतं. पत्रात मंडळींनी विनंती केली होती की निवृत्तीचं वय झालं असलं तरी साहेबांनी आणखी पाच वर्षं राहावं, कारण चार भाषांची ही मंडळी दुसऱ्या कोणाच्याने सांभाळली जाणार नाही. उत्तर पुढच्या बुधवारपर्यंत हवं होतं. उत्तर तसं ठरलेलंच होतं. नम्रपणा म्हणून आठ दिवस घ्यायचे होते इतकंच. आणि चार भाषांचं म्हणाल तर ते खरंच होतं. ज्यांच्या आजोबांनी सभागृहाच्या विटा वाहिल्या ते जुने, गोदीत कामाला आलेले बंदरवाले, मग डोंगरवाले, आणि सगळ्यांत शेवटी वाळवंट ओलांडून आलेले, ज्यांना सगळे नुसतं 'पलीकडचे' म्हणत. एकवीस वर्षांपूर्वी पाळकसाहेब आले तेव्हा हे लोक एकाच छताखाली चार वेगवेगळ्या वेळांना भेटत, आणि खुर्च्या कोणी कशा लावून ठेवल्या ह्यावरून भांडत. पाळकसाहेबांनी त्यांना बुधवारी एकत्र आणलं. ज्याने त्याने आपल्या भाषेत प्रार्थना करायची, आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी पाळकाने आमेन म्हणून गाठ मारायची. चार काठ्यांची मोळी आणि एक दोर, असं ते परिषदांमधून सांगत. ते ऐकून लोक वहीत लिहून घेत. दूरदूरचे पाळक ही सभा बघायला येत, मागच्या रांगेत बसत आणि डोळे पुसत. सभेच्या सुरुवातीचं अभिवादन साहेब चारही भाषांत करत, तीनच वाक्यांचं, पाठ केलेलं, पण उच्चार असे की डोंगरवाल्या म्हाताऱ्यांना आपला गावचा मास्तर बोलतोय असा भास व्हावा. आता, टपाल कार्यालयासमोर, त्यांच्या लक्षात आलं की ती तीन वाक्यं इतकी चोख बोलली गेली होती की ह्या माणसाला चौथं वाक्य येत नसेल अशी शंका कोणाला आलीच नसावी.

इमारतीत शिरून त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. जुनी लिफ्ट, जाळीच्या दाराची. तिसऱ्या मजल्यापाशी एकदा अंग झाडायची आणि चौथ्याला अशी येऊन थांबायची की फरशीला फरशी लागावी. दोन बोटं वर नाही, दोन बोटं खाली नाही. बायकोचे गुडघे धरल्यापासून ह्या लिफ्टसाठी त्यांनी देवाचे आभार मानले होते. आभार देवापर्यंतच गेले होते, मध्ये कोणाचा हात असेल असं मनात आलं नव्हतं; पण हे त्यांना त्या संध्याकाळी अजून ठाऊक व्हायचं होतं.

बायको निवृत्त गणिताच्या शिक्षिका. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी इस्त्री थांबवली नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं, म्हणे."

"तीन वर्षांचे एकशे छप्पन्न बुधवार. तुमच्या हर्नियाचे चार सोडा. माझ्या बहिणीकडे गेलो होतो ते चार. एकशे अठ्ठेचाळीस." त्यांनी शर्टाची बाही उलटली. "एकशे अठ्ठेचाळीस आमेन."

"हसतेस काय?"

"हसत नाहीये, हातचे धरतेय. खरं सांगू का, हीच प्रार्थना मी पण करते. मनातल्या मनात, आणि आपल्याच भाषेत."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले की. उन्हाळ्यात बोलले, तुमच्या वाढदिवसाला बोलले. तुम्ही म्हणालात, देवाची कृपा आहे."

पाळकसाहेब खिडकीपाशी जाऊन बसले. दुखावलो आहोत का, हे ते तपासून बघत होते, दातात काही अडकलंय का हे जिभेने बघावं तसं. राग सापडेना. सापडत होता तो लोकरआजींचा आवाज. त्या आवाजावर त्यांचं प्रेम होतं, हे कबूल करायला हवं. उथळ पाण्यातून गोटे लोटत न्यावेत तशी ती भाषा, आणि त्या बोलण्याखाली सुयांची टिकटिक. कारण आजी प्रार्थना करतानाही विणत. काय विणतात ह्याविषयी सभेत बरेच तर्क होते. राखी रंगाची ती पट्टी आजींच्या मांडीवरून पिशवीत आणि पिशवीतून परत मांडीवर येई, आणि दर वर्षी हातभर नव्हे, चांगली पाच-पाच हात वाढे. जुन्यांपैकी कोणी म्हणे बाकांवर घालायची बैठक आहे, बंदरवाले म्हणत म्हातारीला थांबायचं विसरायला झालंय. विचारलं कोणीच नव्हतं. पाळकसाहेबांनी मनाशी धरलं होतं की आजी दर बुधवारी आपल्या वारलेल्या नवऱ्यासाठी मागतात, आणि मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी. एक शब्द वारंवार येई, तो म्हणजे देवाचं नाव असावं असंही त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि तो आला की ते मान आणखी खाली घालत. आता खिडकीत बसल्या बसल्या त्यांचे कान तापले. तो शब्द म्हणजे आपणच असू.

पुढचे दोन दिवस त्यांनी नेहमीसारखे घालवले. एका आजाऱ्याला भेटून आले, रविवारच्या उपदेशाचं टिपण काढलं, उपासनेच्या पुस्तकांचे फाटलेले कणे चिकटवले. दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना मंडळीचं सभासद करून घेण्याआधीच्या, वर्गाला ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते की आमेन म्हणजे सही, आणि वाचल्याशिवाय सही करणारा मूर्ख. मुलं हसत. कण्यावर डिंक लावताना हे आठवून ते स्वतःही थोडे हसले, आणि बोट पानाला चिकटलं. डोक्यात सारखं एकच फिरत होतं, की तीन वर्षंच का? आजी मंडळीत आल्याला नऊ वर्षं झाली. सहा वर्षं त्यांना आपण चाललो. मग काय झालं?

शुक्रवारी सकाळी शर्टाच्या बाहीचं बटण लावताना ते आठवलं, आणि डोक्याच्या आधी ते मनगटाला आठवलं. कोणीतरी बाही धरली आहे. हलक्या हाताने नव्हे. लोकर ओढून ओढून घट्ट झालेली बोटं. दफनभूमी, थंड वारा, कागद उडू नयेत म्हणून पुस्तकावर दाबलेला आपला अंगठा. आजींच्या नवऱ्याचं दफन, तीन वर्षांपूर्वीचं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. दफनभूमीवाल्यांनी चाळीस मिनिटं दिली होती, मागे दुसरे लोक थांबले होते, आणि पाळकसाहेब वर जाण्याविषयी बोलत होते, पित्याच्या घरी पुष्कळ खोल्या असण्याविषयी, आपल्या भाषेत, चांगलं बोलत होते. तेव्हा ती बाही ओढली गेली. त्यांना वाटलं, बाईला भरून आलंय, आधार हवाय. त्यांनी बोलणं न थांबवता तो हात दुसऱ्या हाताने दोनदा थोपटला आणि बाहीवरून सोडवून ठेवला. सोडवून ठेवला, हा शब्द त्यांना आत्ता, आरशासमोर, सापडला. त्यांनी बटण काढलं, पुन्हा लावलं. आजींच्या दुसऱ्या हातात कागद होता. चार घड्या केलेला. तो आपण पाहिला होता. पाहिला आणि गाण्याचा कागद समजलो, आणि गाणं आपण आधीच उरकलं होतं. मग आमेन म्हटलं. दफनभूमीतल्या झाडांवरही त्या दिवशी पाखरं होतीच.

सोमवारी दुपारी ते बसवाल्या बाईंच्या बसमध्ये चढले. चालकाच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी, आणि पाळकसाहेब पाट्या पाळणारा माणूस. त्यामुळे ते शेवटच्या थांब्यापर्यंत गप्प उभे राहिले, तिथे बस सहा मिनिटं थांबते तेवढ्यात निम्मं बोलले, परत मुकाट्याने पहिल्या थांब्यापर्यंत आले, आणि उरलेलं तिथे बोलले. त्या दोन फेऱ्यांत त्यांनी शहर इतकं पाहिलं जितकं एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मला तुमची भाषा येत नाही," ते शेवटच्या थांब्यावर म्हणाले. "अभिवादन सोडून एक अक्षर नाही."

बाईंनी डबा उघडला होता, तो तसाच मांडीवर राहिला. "काहीच?"

"काहीच."

"मग तुम्ही नम्र-बिम्र काही नाही."

"नाही."

"भावाला सांगू नका. तो फार लोकांना सांगत सुटलाय." त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "आजींना वाटतंय तुम्हाला सगळं कळतं. त्या म्हणतात, तोंडाने आमेन म्हणतो आणि जागचा हलत नाही. ह्याला काय म्हणावं?"

पाळकसाहेबांनी खिशातल्या पत्रावरून हात फिरवला. ते अजून तिथेच होतं, आणि पाच वर्षं अजून पाच वर्षंच होती. नाही म्हटलं तर सकाळी उठून कुठे जायचं, हा विचार त्यांनी ह्या आठवड्यात पहिल्यांदाच पुरता केला होता, आणि त्याच्या शेवटी त्यांना एक रिकामी, स्वच्छ झाडलेली खोली दिसली होती. खोलीत आवाज नव्हता. आपला आवाज नसलेली खोली.

पहिल्या थांब्यावर त्यांनी कागदाचं विचारलं.

"इमारतींची यादी," बाई म्हणाल्या. "आजोबांनी स्वतः लिहिली होती, दवाखान्यात. ज्या ज्या इमारतीत त्यांनी लिफ्ट दुरुस्त केली त्यांची नावं. आजींना सांगून ठेवलं होतं, हे मला पुरताना वाच. बाकी काही बोलू नकोस, एवढं वाच. लोक माझ्या भरवशावर वर गेलेत." त्यांनी आरशात बघून दार बंद करायचं बटण दाबलं, मग पुन्हा उघडलं. "मी पण तुमच्याकडे एक मागितलं होतं, आठवतंय? एखादी बुधवारची सभा चालवायचं. पाळी जुळवून घेते म्हटलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"योग्य वेळ आली की."

"मग?"

"मग काय. बस चालवते. तिथे वेळ तरी वेळापत्रकात लिहिलेली असते."

बुधवारी सभेला नेहमीचीच पन्नास-साठ माणसं होती. पाळकसाहेबांनी अभिवादन एकाच भाषेत केलं, आपल्या, आणि बाकीच्या तिन्ही भाषांकडे बघत जरा थांबले. वडील मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचं चौकात चष्म्याचं दुकान होतं आणि ज्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत, त्यांनी भुवया उंचावल्या. जुन्यांची प्रार्थना झाली. बंदरवाल्यांची झाली. मग सुयांची टिकटिक सुरू होतीच, तिच्यावर लोकरआजींचा आवाज आला, गोटे लोटत लोटत शेवटाला गेला, आणि थांबला. सगळे थांबले. छपरावरच्या कबुतरांनी, म्हणतात, आधीच पंख उचलले होते.

आमेन आलं नाही.

एकेक डोळा उघडला. सुया थांबल्या. आजींनी मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ पाळकसाहेबांकडे पाहिलं. डोळे करडे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पाळकसाहेबांना आपल्या घशात ते आमेन तयार बसलेलं जाणवत होतं, शिंकेसारखं. ते त्यांनी गिळलं. उठले, पुढची खुर्ची सोडली आणि आजींच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले.

"बाई," ते बसवाल्या बाईंना म्हणाले, "आजींना सांगा, मला त्यांची भाषा येत नाही. तीन वर्षं मी काय ऐकलं मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हणावं, सावकाश, आणि तुम्ही मला सांगावं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

बाईंनी सांगितलं. डोंगरवाल्यांच्या बाकांवर आधी कुजबुज झाली, मग एका म्हाताऱ्याला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. बसवाल्या बाईंच्या भावाने दोन्ही हातांत तोंड लपवलं. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा म्हटलं, एकेक वाक्य, सुया मांडीवर ठेवून.

"प्रभू, ह्या पाळकाचा रक्तदाब ठीक ठेव," बाई सांगत गेल्या. "ह्याच्या बायकोच्या गुडघ्यांना आराम दे. ती चांगली आहे. ह्याचा आवाज तू चांगला केलास, पण कान करायचे राहिले. आता ह्याला विश्रांती दे. ह्याच्या जागी असा कोणी बसव, जो आमचं संपेपर्यंत थांबेल. मी ह्याच्यासाठी मफलर विणतेय, जाईल तेव्हा द्यायला. दोन महिन्यांचं काम होतं. तू उशीर लावलास, म्हणून तो वाढत चाललाय."

चौदा-पंधरा हात राखी लोकर आजींच्या मांडीवर गुंडाळी होऊन पडली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते, जणू आत्ताच कोणी ती तिथे आणून ठेवली.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. ते इतकं लहान होतं की मागच्या बाकावरच्यांना फक्त ओठ दिसले. काचा हलल्या नाहीत.

आजी बसवाल्या बाईंच्या कानाशी काही बोलल्या.

"आजी म्हणतात, लोकर आत्ता तोडणार नाही," बाई म्हणाल्या. "आमेन त्यांनी पुष्कळ ऐकलंय."

पाळकसाहेबांनी खिशातलं पत्र काढलं, चष्मेवाल्यांकडून पेन मागून घेतलं, गुडघ्यावर धरून खाली नकाराची एक ओळ लिहिली आणि सही केली. चष्मेवाल्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"साहेब, अहो, चार भाषा आहेत. कोण सांभाळणार?"

"मला तरी कुठे येत होत्या?"

चष्मेवाल्यांनी आजींकडे बघून मान हलवली, हो अशी. तेव्हा आजींनी सुया उचलल्या, विणीची शेवटची ओळ सावकाश बंद केली आणि लोकर दातांनी तोडली.

"बाकीची सभा तुम्ही चालवा," पाळकसाहेब बसवाल्या बाईंना म्हणाले.

बाईंनी पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "योग्य वेळ आली?"

"सात वाजून दहा मिनिटं."

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी त्यांना आजींना आणखी एक विचारायला सांगितलं, आजोबांची ती यादी आज वाचाल का. आणि आजींनी पिशवीच्या तळातून, लोकरीच्या गुंड्यांखालून, चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. आजींनी तो उलगडला आणि वाचायला सुरुवात केली, घाई न करता, प्रत्येक नावानंतर दम घेत. पाळकसाहेबांना इतर काहीच कळत नव्हतं, पण इमारतींची नावं कुठल्याही भाषेत तीच असतात. समोरची बँक आली. मोठं इस्पितळ आलं, तीन लिफ्टांचं. टपाल कार्यालय आलं, जे आता बंद होतं. ज्या कार्यालयात पलीकडच्यांना कागदांसाठी तासन् तास उभं राहावं लागे ते आलं, आणि त्यांच्या बाकांवरून एक हुंकार उठला. पाळकसाहेब मफलरचं एक टोक हातात धरून बसले होते. दुसरं अजून आजींच्या मांडीवर होतं. तिसाव्या की एकतिसाव्या नावाला त्यांच्या स्वतःच्या इमारतीचं नाव आलं.

आजी पुढे गेल्या. तिसऱ्या मजल्यापाशी एकदा अंग झाडणारी, चौथ्याला फरशीला फरशी लावणारी. पाळकसाहेबांनी मान खाली घातली, आणि शेवटच्या नावापर्यंत वर केली नाही.

यादी संपली तेव्हा सवयीने सगळे त्यांच्याकडे वळले. ते गप्प बसून राहिले. मग कुठूनतरी, बहुधा पलीकडच्यांच्या बाकावरून, एका बाईच्या बारीक आवाजात आमेन आलं, आणि पाळकसाहेबांनी ते पहिल्यांदा बसल्या जागेवरून, दुसऱ्याच्या तोंडून, पुरतं ऐकलं.